गृहसंकोच आणि बारा गाद्या

सेवानिवृत्तीनंतर राहते मोठे घर विकून किंवा भाड्याने देऊन लहान घरात जाण्याच्या क्रियेला या लेखापुरते 'गृहसंकोच' असे नाव दिले असून, ही क्रिया कागदावर जितकी सोपी दिसते तितक्या सोपेपणाने ती धाराशिव जिल्ह्यात का पार पडत नाही, याचा विचार पुढे केला आहे. कागदावरचा हिशेब असा मांडला जातो की मुलगा पुण्यात, मुलगी लातूरला किंवा सोलापुरात, घरात उरली माणसे दोन आणि त्यांचे दुखरे गुडघे चार. तेव्हा वरचा मजला, मागची खोली, गच्ची आणि अंगण झाडत बसण्यापेक्षा लिफ्ट असलेल्या इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा, दाराला कुलूप लावून वाटेल तेव्हा मुलाकडे जावे आणि उरलेल्या पैशांची मुदतठेव करावी. या गणितात बेरीज-वजाबाकीची चूक सापडत नाही. चूक आहे ती 'घरात उरली माणसे दोन' या गृहीतकात, कारण या जिल्ह्यात घरातली माणसे मोजताना तिथे रोज जेवणाऱ्यांवर थांबण्याची पद्धत नाही. तिथे येऊ शकणाऱ्यांनाही धरावे लागते, आणि येऊ शकणाऱ्यांची संख्या कोणत्याही क्षणी जवळजवळ अमर्याद असते.

अभ्यासाचा वर्ग आधी निश्चित केला पाहिजे. शेतकरी निवृत्त होत नाही आणि व्यापारी गल्ल्यावरून उठत नाही, त्यामुळे निवृत्ती ही घटना मुख्यतः पगारदारांच्याच, म्हणजे जिल्हा परिषदेचे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पाटबंधारे खात्यातील कारकून यांच्या आयुष्यात घडते. राज्य शासनाच्या सेवेत बहुतेकांना वयाच्या ५८ व्या वर्षी 'नियत वयोमानानुसार' निवृत्त केले जाते, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. आता या पिढीतील असंख्य मुलांची जन्मतारीख त्यांच्या आईने नव्हे, तर शाळेत नाव घालणाऱ्या गुरुजींनी ठरवलेली असल्यामुळे आणि गुरुजींना १ जून ही तारीख विशेष प्रिय असल्यामुळे, ३१ मे या एकाच दिवशी जिल्ह्यातील शिक्षकवर्गाचा मोठा हिस्सा एकदम निवृत्त होतो. त्या संध्याकाळी सत्कारमूर्तीला स्वतःचा समारंभ आटोपून मित्राच्या समारंभाला पोचायचे असते, मित्रालाही तेच करायचे असते, आणि दोघांची भेट बहुधा वाटेत होते.

या वर्गाने बांधलेल्या घराचा काळ ठरवण्याची एक खात्रीची रीत आहे. तेर या गावी, म्हणजे पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात तगर या नावाने आलेल्या प्राचीन बाजारपेठेच्या जागी, उत्खनन करणारे ज्याप्रमाणे मातीच्या थरांवरून सातवाहनांचा काळ ओळखतात, त्याप्रमाणे धाराशिवातील शिक्षकाच्या घराचा काळ वेतन आयोगांवरून ओळखता येतो. सर्वांत खालचा थर भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या अग्रिमाचा असतो. दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर (गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट) दोन खोल्या, शहाबादी फरशी आणि वरून दिसणाऱ्या उघड्या सळया ही त्याची लक्षणे होत. या सळया विसरून राहिलेल्या नसतात, तर पुढे मजला चढणारच या श्रद्धेने त्या आकाशाकडे रोखून ठेवलेल्या असतात. १ जानेवारी १९९६ पासून लागू झालेल्या पाचव्या वेतन आयोगाच्या 'फरका'त, म्हणजे आयोग मागील तारखेपासून लागू झाल्यामुळे हाती आलेल्या थकबाकीत, स्वयंपाकघर मोठे होऊन मोझॅक फरशी येते. १ जानेवारी २००६ च्या सहाव्या आयोगाच्या फरकात वरचा मजला आणि बाहेरून गेलेला जिना उगवतो. सातव्या आयोगाचा फरक महाराष्ट्रात पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा करण्याचे ठरल्यामुळे या थरातील वास्तू तुटक आढळते: एका हप्त्यात कमान, दुसऱ्यात गेट, आणि पुढचा हप्ता येईपर्यंत रंगाविना राहिलेली कुंपणभिंत. असे घर पूर्ण होते तेव्हा घरमालक निवृत्त होतो आणि मुले घराबाहेर पडलेली असतात. रिकामे होण्याच्या मुहूर्तावर पूर्ण होणे हा या वास्तुशैलीचा एक प्रमुख विशेष मानावा लागेल.

गृहसंकोचाच्या मार्गातील पहिला अडथळा खुद्द निवृत्तीच उभा करते. 'सेवापूर्ती गौरव समारंभ' हा विधी असा आहे की माणसाने आता सामान कमी करावे अशी वेळ येताच सर्व हितचिंतक एकत्र जमून त्याला सामान देतात. शाल, श्रीफळ, फेटा, काचेच्या चौकटीतील मानपत्र, आणि 'पूर्ण आहेर', म्हणजे त्याला शर्ट-पँटचे कापड, टॉवेल, टोपी आणि तिला साडी, असे त्याचे स्वरूप असते. यांपैकी नारळ खाल्ला जातो, शाल पुढच्या सत्कारात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते आणि टॉवेल-टोपीची जोडी गावोगावच्या लग्नांतून फिरत बहुधा मूळ मालकाकडेच परत येते. प्रश्न उरतो तो तुळजाभवानीच्या प्रतिमांचा. शिक्षक संघटना, पतसंस्था, केंद्रातील सहकारी, माजी विद्यार्थी, ग्रामपंचायत आणि व्याही यांनी परस्परांशी सल्लामसलत न करता एकच निर्णय घेतलेला असतो, त्यामुळे एका संध्याकाळी आईच्या सहा तसबिरी घरात येतात. त्या कोणाला देता येत नाहीत, माळ्यावर टाकता येत नाहीत आणि एकीला भिंतीवर लावून दुसरीला पलंगाखाली ठेवण्याचे धाडस नास्तिकातही नसते. दोन खोल्यांच्या फ्लॅटला भिंती आठ, त्यांतील चारांना खिडक्या-दारे, एकीला दूरदर्शन संच. सहा तसबिरींची व्यवस्था लागली की घरात कॅलेंडरला जागा राहत नाही.

या घराआधीचे घर जमेस धरल्यावाचून ही अडचण कळणार नाही. आज निवृत्त होणाऱ्या पिढीचा जन्म खेड्यातल्या माळवदाच्या घरात झालेला आहे. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि त्यांवरील फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर. आणि असे घर चौरस फुटांत नव्हे, तर 'खणां'त, म्हणजे दोन तुळयांमधील अंतराच्या हिशेबात मोजले जाई. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंतींत कोनाडे, फडताळे आणि खुंट्या असत, धान्यासाठी 'बळद' नावाची बंदिस्त कोठी असे, आणि दाराशी 'ढेलज', म्हणजे आल्यागेल्याने बसायची व लागल्यास पडायची जागा असे. ढेलजेत झोपलेला माणूस कोण आहे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असलेच पाहिजे, असा दंडक नव्हता. कोणाचा तरी कोणीतरी असणार, एवढे पुरत असे.

येथे विनोद क्षणभर बाजूला ठेवणे भाग आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपात याच जड भिंती आणि हीच मातीची छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि लातूरबरोबर धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावेही उद्ध्वस्त झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि घराचा आकार जमिनीच्या धारणेवरून ठरला: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावरच्याला ४००, आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. या जिल्ह्याला गृहसंकोचाचा हा असा अनुभव आहे, आणि तो कोणी हौसेने घेतलेला नाही. मात्र पुढे जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. शासनाने जमीन मोजली, कुटुंब मोजले, भिंतींची मजबुती मोजली. येणारे-जाणारे मोजण्यासाठी कोष्टकात रकाना नव्हता. तेव्हा लोकांनी तो आपापल्या खर्चाने उघडला, म्हणजे पक्क्या घराला टेकून पत्र्याची पडवी काढली, तिच्या पुढे छप्पर घातले, छपरापुढे बाज टाकली, आणि ढेलज परत आली.

आता बाहेरचे अभ्यासक दुर्लक्षितात असा भौगोलिक मुद्दा. महाराष्ट्रातील अगणित कुटुंबांचे कुलदैवत तुळजाभवानी आहे आणि तुळजापूर धाराशिव शहरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. नवस, जावळ, लग्नानंतरचे पहिले दर्शन, नवरात्र, कोजागरी, या सर्व निमित्तांनी नातेवाईक जिल्ह्यात येतात, आणि आल्यावर त्यांना एक वाक्य हमखास सुचते: "देवीला आलतो, म्हणलं तुमच्याकडं जरा टेकून जावं." हे टेकणे कधी चहापुरते, कधी रात्रीपुरते आणि गोंधळ घालायचा असेल तर तीन दिवसांपुरते असते. पुणे-मुंबईच्या निवृत्ताने घर लहान केले तर गैरसोय त्याची एकट्याची होते. धाराशिवच्या निवृत्ताने घर लहान केले तर सांगलीपासून संभाजीनगरपर्यंतच्या नात्यागोत्याची मुक्कामाची जागा जाते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही विचारलेले नसते.

म्हणून या भागात घराच्या क्षमतेचे खरे एकक गादी हे धरावे लागते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून भरलेली गादी साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे १८ चौरस फुटांची असते. मध्यम प्रतिष्ठेच्या घरात अशा बारा गाद्या असतात. दिवसा त्या एकावर एक रचून वर जुनी चादर घातलेली चळत एका कोपऱ्यात गुमान उभी असते, त्यामुळे तिचा धोका लक्षात येत नाही. परंतु बारा गाद्या अंथरल्या की २१६ चौरस फूट व्यापतात, आणि दोन खोल्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवाणखाना व निजायची खोली यांत मोकळी म्हणावी अशी जमीन जेमतेम तेवढीच भरते. म्हणजे पाहुणे झोपल्यावर यजमान दांपत्याने उभे राहणे हा एकच पर्याय शिल्लक राहतो. पुण्याचा मुलगा या टप्प्यावर एक सूचना करतो. "बाबा, पाहुणे आले तर सरळ तुळजापुरात लॉज करून देऊ, पैसे मी पाठवतो." ही सूचना व्यवहार्य, सोयीची आणि प्रेमाने केलेली असते, आणि ती ऐकून घरात जी शांतता पसरते तिचा अर्थ त्याला कधीच लागत नाही. "सख्ख्या मावशीला लॉजवर ठिवायचं का रे?" एवढेच आई म्हणते. मावशी गेल्या कित्येक वर्षांत आलेली नाही, तिच्या गुडघ्यांना आता तुळजापूरच्या पायऱ्या झेपणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. पण मावशी न येणे वेगळे आणि मावशीची गादी न असणे वेगळे.

देवीचा दाखलाही या वादात दोन्ही बाजूंनी दिला जातो. तुळजाभवानीची मूर्ती 'चल' आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीन वेळा ती निद्रेसाठी पलंगावर नेली जाते, आणि दसऱ्यानंतरच्या श्रमनिद्रेसाठी पलंग व पालखी अहिल्यानगरच्या बाजूने वाजतगाजत तुळजापुरात येतात. घर लहान करावे या मताचे गृहस्थ म्हणतात की खुद्द आईसाहेब जागा सोडतात, मग माणसाने एका वाड्याला किती चिकटून राहावे? यावर गृहिणीचे उत्तर असे असते की आईसाहेब झोप झाल्यावर आपल्याच जागी परत जातात, फ्लॅट घेत नाहीत.

गाद्यांच्या खालोखाल भांड्यांचा प्रश्न येतो. स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरण्याची पद्धत ज्याने सुरू केली त्याने त्या भांड्यांना कायमचे अभय दिले. साधी परात बोहारणीला, म्हणजे जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या फिरत्या विक्रेतीला, उलट्या सौद्यात देऊन टाकता येईल. परंतु परातीच्या काठावर आत्याचे नाव, गावासह कोरलेले असताना ती परात बाजारात कोणाच्या नजरेस पडेल याचा नेम नसतो. म्हणून प्रत्येक भांडे उचलून, चष्मा वर करून, काठ वाचून परत जागेवर ठेवले जाते, आणि दिवसभर चाललेल्या या आवराआवरीतून शेवटी एक झाकण बाहेर पडते, तेही त्याचा डबा सापडत नाही म्हणून. पतीने मोडीचा भाव काढलाच तर त्याला या जिल्ह्यातील गृहव्यवस्थेचे मूलसूत्र ऐकवले जाते: "असू द्या की, खायला मागतंय का ते?" या युक्तिवादाचे खंडन आजवर झालेले नाही, कारण घरातली कोणतीच निरुपयोगी वस्तू खायला मागत नाही, खायला मागणाऱ्या सर्व व्यक्ती पुण्याला गेलेल्या असतात.

शिवाय भांडी न टाकण्याला पाण्याचे सबळ कारण आहे. नळाला पाणी रोज न येता काही दिवसांआड येते अशा गावात हंडा, घागर, रांजण, प्लास्टिकचा निळा पिंप आणि प्रसंगी पितळेचे घंगाळ हे सर्व पाणीपुरवठा योजनेचेच घटक ठरतात. उजनीचे पाणी शहरात आले तरी ही सवय मोडली नाही, कारण योजनेवर विश्वास ठेवणे वेगळे आणि पिंप मोकळा ठेवणे वेगळे. १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारीची भाकरी आणि शाळेतली सुकडी खाल्लेल्या पिढीला 'गरजेपुरते ठेवावे' हा उपदेश करणाऱ्याने गरज म्हणजे काय हे आधी स्पष्ट करावे, असे वाटत असल्यास ते अवाजवी नाही. फ्लॅटच्या माहितीपत्रकात 'चोवीस तास पाणी' असे छापलेले असते. ते वाचून गृहिणी दोन पिंप जास्त घेऊन जाण्याचे ठरवते.

कागदपत्रांच्या पेटीविषयी थोडक्यात सांगता येईल. हा जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुन्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत उर्दू आणि मोडीतले कागद निघतात, जे आज घरात कोणालाच वाचता येत नाहीत आणि म्हणूनच ते अत्यंत महत्त्वाचे असावेत असा समज असतो. गृहसंकोचाच्या वेळी या पेटीवर पहिली कुऱ्हाड पडायची. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखले देण्याची पद्धत ठरवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाडाभर जुने दप्तर उलगडले जाऊ लागले, आणि ज्या आजोबांना पेटी फेकू दिली नाही म्हणून वेडे ठरवले होते ते मरणोत्तर दूरदर्शी ठरले. एका पेटीने मिळवलेल्या या विजयाचा लाभ मग घरातील इतर सर्व पेट्यांना मिळाला, ज्यांत विजेची १९८० च्या दशकातील बिले, बंद पडलेल्या रेडिओचा परवाना आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या.

साठवणीच्या बाजूने या जिल्ह्यात एक तात्त्विक आधारही उपलब्ध आहे, आणि तो तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पुरवला आहे. हे गृहस्थ पेशाने व्यापारी. गावच्या पांढरीत सापडणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, खापरे, मातीच्या मूर्ती ते जमवत गेले आणि त्यातून आज त्यांच्या नावाने चालणारे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही अडकित्ते, दिवे, पानदाने अशा घरगुती वस्तू जमवून १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. या दोघांचे उदाहरण निवृत्त मुख्याध्यापकाच्या हाती पडल्यावर त्याच्याकडून एकही वस्तू सोडवणे अशक्य होते, कारण फुटके खापर जर संग्रहालयात बसते तर १९९१ सालचा, एकदाच जळलेला, मिक्सर का बसू नये, हा त्याचा सवाल असतो. लामतुरे आणि मुख्याध्यापक यांच्यात एक फरक आहे. लामतुऱ्यांना आपल्याकडे काय आहे ते माहीत होते.

एवढे सगळे होऊनही फ्लॅट घेतला जातो. निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग आगाऊ एकरकमी उचलण्याला 'अंशराशीकरण' म्हणतात. ते आणि उपदान, म्हणजे सेवेच्या शेवटी मिळणारी रक्कम, एकत्र करून व्यवहार ठरतो. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि एक टक्का सोडून देणारा शिक्षक अद्याप जन्मलेला नसल्यामुळे दस्त पत्नीच्या नावे होतो. या एका टक्क्याचे परिणाम दस्तात लिहिलेले नसतात. तीस वर्षे 'माझं घर' म्हणणारा गृहस्थ सही करून बाहेर येतो तो साक्षीदार म्हणून, आणि त्यानंतर कोणते कपाट येईल, मिक्सर कुठे जाईल, या प्रश्नांवर त्याचे मत विचारात घेतले जाते एवढेच.

महारेरा, म्हणजे मे २०१७ पासून राज्यात बांधकाम व्यवसायावर देखरेख करणारे प्राधिकरण, याच्या नियमानुसार फ्लॅट 'चटई क्षेत्रा'वर विकावा लागतो. त्यात आतील पातळ भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. माळवदाच्या घराला हा नियम लावला असता तर निम्मे घर हिशेबाबाहेर गेले असते, कारण तिथे घराचा पसारा भिंतींच्या आतच राहत होता. फ्लॅटच्या भिंतीत मात्र काहीच ठेवता येत नाही. तिला खिळा ठोकायला घेतला तर पलीकडचे शेजारी दार वाजवतात, आणि मशीनने भोक पाडणारा माणूस बोलवावा तर तो एका तसबिरीसाठी यायला तयार होत नाही. सहा आहेत म्हटल्यावर येतो.

यानंतर सुगी येते. निवृत्ताच्या वाट्याची चार-सहा एकर जमीन गावाकडे बटईने, म्हणजे निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर, दिलेली असते आणि बटईदार प्रामाणिक असतो, ही यातली मोठी अडचण आहे. तो ज्वारीची पोती, तुरीची डाळ, हरभरा आणि थोडा गहू टेम्पोत घालून इमारतीखाली आणून उभा करतो आणि खालूनच हाक मारतो, "गुरुजी, माल कुठं टाकू?" तिसऱ्या मजल्यावरच्या ४३० चौरस फुटांत सहा पोती ज्वारी चढवणे लिफ्टच्या क्षमतेत बसते, सोसायटीच्या नियमांत बसत नाही. विकून टाका, दुकानातून महिन्याला पाच किलो आणा, असे मुलगा फोनवर सांगतो. घरची ज्वारी विकून दुकानातली खाणे ही गोष्ट त्याच्या दृष्टीने अर्थशास्त्राची, तर वडिलांच्या दृष्टीने अब्रूची असते. पोती चार दिवस जिन्याच्या वळणावर राहतात, सचिवांची सूचना फलकावर लागते, आणि पाचव्या दिवशी शेतात एक पत्र्याची शेड मारण्याचे ठरते, फक्त सामानापुरती.

एका नमुना घराचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येतो. विकलेले मूळ घर १५०० चौरस फुटांचे. नवा फ्लॅट ४३०. शेतातील शेड वीस बाय तीस, म्हणजे ६००. गावातल्या वडिलोपार्जित घरातील भावाकडून मागून घेतलेला, जातं, पाटा-वरवंटा व मोठी भांडी ठेवण्यापुरता सोपा २००. पुण्यातील मुलाच्या फ्लॅटची, त्याच्या पत्नीला अद्याप न कळवता सामानाने भरलेली, बाल्कनी ४०. बेरीज १२७०, म्हणजे गृहसंकोच तत्त्वतः झालेला आहे. परंतु शेडमध्ये सामान आहे म्हटल्यावर राखण आली, राखणीला गुरुजी स्वतःच जाऊ लागले, त्यांना दुपारी पडायला गाद्या तिकडे हलल्या, गाद्यांपाठोपाठ चहाची सोय गेली, आणि नवरात्रात देवीला आलेल्या पाहुण्यांनी फ्लॅटची लिफ्ट पाहून झाल्यावर शेडमध्येच मुक्काम टाकला, कारण तिथे बारा गाद्या सलग पडतात आणि वारा येतो. सर्वांनी जागेची तारीफ केली. फक्त बायामाणसांची गैरसोय होते, एवढे मात्र त्यांनी जाताना सांगितले. त्यामुळे शेडलगत न्हाणीघर, संडास आणि एक छोटे स्वयंपाकघर असे ३०० चौरस फुटांचे बांधकाम प्रस्तावित असून, ते धरून एकूण क्षेत्र १५७० होते. मजल्याचा विचार तूर्त नाही, पण सळया वर काढून ठेवाव्यात असे गवंड्याचे मत पडले आहे. विटा येऊन पडल्या आहेत आणि वाळूचा भाव उतरण्याची वाट पाहणे चालू आहे.